एक आटलेला झरा, सात जगे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माझ्या आजोळच्या घरामागे एक झरा आहे. मे महिन्यात त्याची धार करंगळीएवढी होते, पण तो पूर्ण आटल्याचे आमच्या घरात कोणालाही आठवत नाही. बेळगावात आम्ही पाच जणांनी टेबलाभोवती बसून रोल-प्लेइंग गेम खेळायला सुरुवात केली, तेव्हा पहिली गोष्ट रचण्याचे काम माझ्याकडे आले आणि मला सुचली ती एवढीच होती: एका गावाचा झरा आटला आहे आणि तो का आटला हे शोधायला चार माणसे निघाली आहेत. ती गोष्ट त्या वेळी दोन रात्रींत संपली. पुढे दुसरे जग घेतले तेव्हा नवी गोष्ट सुचेना, म्हणून मी तीच पुन्हा मांडली आणि ती ओळखू येणार नाही इतकी बदलली. तेव्हापासून कोणतेही नवे जग हाती आले की आम्ही आधी हा झरा तिथे नेऊन ठेवतो. आतापर्यंत तो सात जगांत आटला आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण परिस्थिती सांगतो. त्याला गेममास्टर म्हणतात, आम्ही सूत्रधार म्हणतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करते ते बोलून सांगतात. जे होईल की नाही याची शंका असते तिथे फासे टाकले जातात. नियमांचे पुस्तक वेगळे असते आणि ज्यात ही माणसे वावरतात ते जग वेगळे असते. एकाच नियमांवर अनेक जगे चालू शकतात, आणि हा लेख त्या जगांविषयीच आहे.

या जगांची ओळख करून देताना सहसा नकाशा, वंश आणि देवांची यादी पुढे ठेवली जाते. मला या तिन्ही गोष्टी फसव्या वाटतात. बुटके खाणकाम करणारे, उंच आणि दीर्घायुषी वनवासी, उत्तरेला बर्फ, दक्षिणेला वाळवंट एवढे जवळजवळ सगळीकडे सापडते. दोन जगे खरोखर वेगळी आहेत की एकाच जगाला दोन नावे दिली आहेत हे पाहायचे असेल, तर तीच गोष्ट दोन्हीकडे मांडून पाहावी. झरा आटण्याचे कारण, त्याचा जाब ज्याला विचारायचा तो माणूस किंवा देव, आणि पाणी परत आणण्याची किंमत, या तीन गोष्टी जिथे बदलतात तिथे जग बदलले असे मी मानतो.

पहिल्यांदा आम्ही खेळलो ते ग्रेहॉकमध्ये, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या एका जगात. हा खेळ 1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे दोन कर्ते. गायगॅक्स यांनी आपल्या घरच्या खेळासाठी आधी एका किल्ल्याखालची तळघरे रचली, मग किल्ल्याजवळचे शहर आले आणि शहराभोवती हळूहळू देश वसले. ते सगळे जग पुस्तकरूपाने 1980 साली बाहेर पडले. घडणीचा हा क्रम खेळताना जाणवतो. ग्रेहॉकमध्ये जमिनीखाली काहीतरी आहे ही पहिली शंका येते आणि बहुधा तीच खरी ठरते. आमच्या पात्रांनी झऱ्याच्या मुखातून आत उतरून पाहिले, पाणी अडवून बसलेल्या टोळीशी लढाई केली, खजिना घेतला आणि पाणी सुरू झाले. गावकऱ्यांनी आभार मानले. जाब विचारायला कोणी उरला नाही, कारण तो आत मरून पडला होता. नवख्या खेळाडूला आधी हेच जग द्यावे असे मी आजही म्हणतो.

फॉर्गॉटन रेल्म्स हे त्याच नियमांवर चालणारे दुसरे जग. एड ग्रीनवुड या कॅनेडियन लेखकाने ते खेळाच्याही आधी, 1960 च्या दशकात, लहानपणी आपल्या गोष्टींसाठी रचायला घेतले होते. खेळासाठीचा संच 1987 साली आला. इथे प्रत्येक गोष्टीला आधीच एक देव नेमलेला आहे. झरे, तळी आणि शांत जागा यांची एल्डाथ नावाची देवी आहे, त्यामुळे आमच्या शोधाने पहिल्याच दिवशी तिच्या ओसाड पडलेल्या देवस्थानाची वाट धरली. या जगाच्या इतिहासात एकदा सगळ्या देवांना पृथ्वीवर मर्त्य देहात भटकावे लागले आणि त्यानंतर त्यांच्या सर्वोच्च अधिपतीने असा नियम घातला, की देवाचे सामर्थ्य त्याच्या भक्तांवर अवलंबून राहील. पूजा बंद पडलेल्या देवीला त्यामुळे गावाची तेवढीच गरज असते, जेवढी गावाला तिची. हा धागा सुंदर आहे. परंतु रेल्म्समध्ये लिहून ठेवलेले इतके आहे, की आपल्या गावाच्या चारी दिशांना कोणी ना कोणी थोर जादूगार राहतच असतो, आणि तो येऊन एका मंत्रात झरा का सुरू करत नाही याचे उत्तर सूत्रधाराला सतत द्यावे लागते.

ग्लोरांथात मात्र आमचा खेळ मुळापासून हलला.

ग्रेग स्टॅफर्ड यांनी हे जग 1966 मध्ये, विद्यार्थी असताना लिहायला घेतले. 1975 साली त्यावर एक पटावरचा खेळ निघाला आणि 1978 मध्ये रूनक्वेस्ट हा रोल-प्लेइंग गेम आला. ग्लोरांथाची पृथ्वी सपाट आहे आणि ती तशी आहे असे तिथल्या लोकांना नुसते वाटते एवढेच नाही, ती खरोखरच तशी आहे. सूर्य रोज संध्याकाळी पाताळात उतरतो. पाऊस पडतो तो हेलर नावाच्या देवामुळे. वाफ, ढग आणि वारा यांचे आपले शास्त्र तिथे लागू होत नाही. तिथले शास्त्र म्हणजे पुराण. अशा जगात झरा आटला तर खाली उतरून खणण्याला अर्थ नाही, पुराणात काय बिघडले आहे ते शोधावे लागते.

तिथल्या डोंगरी टोळ्यांचा मुख्य देव ओर्लान्थ. तो वादळाचा देव. त्याची एक कथा अशी आहे, की अरोका नावाच्या निळ्या महानागाने हेलरला गिळले, सगळीकडे अवर्षण पडले, आणि ओर्लान्थने त्या नागाला मारून पाऊस मोकळा केला. ही कथा मी टेबलावर वाचून दाखवली तेव्हा आमच्यातला एक जण, जो भिक्षुकी करणाऱ्या घरातला आहे, लगेच म्हणाला, ‘‘अरे, हा तर वृत्र.’’ पाणी अडवून बसलेला वृत्र आणि वज्राने त्याला फोडणारा इंद्र आपल्याला ऋग्वेदापासून ठाऊक आहेत. पण त्या क्षणी आमच्यासाठी महत्त्वाचे ठरले ते पुढचे. ग्लोरांथात देवांनी काळाच्या आरंभी एक मोठा करार केला आहे आणि त्या करारामुळे त्यांना आता स्वतःहून येऊन काही करता येत नाही. जे करायचे ते माणसाने करायचे, आणि ते करण्याची रीत म्हणजे देवाचीच कथा पुन्हा जगून दाखवायची. गावकरी विधी मांडतात, एक जण ओर्लान्थ होतो, दुसरी त्याची सहचरी होते, आणि विधी रंगात आला की ते खरोखर देवयुगात जाऊन पोहोचतात. तिथे नाग खरा असतो आणि तो या वेळी हरेलच याची खात्री नसते.

बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. रात्रभर चालणारे श्रीकृष्ण पारिजात हे लोकनाट्य पाहत पहाटे डोळे चोळणारी मुले आमच्याकडे आहेत. पारिजातातला कृष्ण म्हणजे रोजचा ओळखीचा शेतकरी आहे हे त्यांना माहीत असते आणि तरी ती त्याच्या पाया पडतात. पाऊस लांबला की मराठी घरांतली मुले धोंडी मागायला निघायची, कानडी घरांतली गुर्जी घेऊन निघायची, आणि दोन्हीकडच्या बाया त्यांच्या डोक्यावर तांब्यातांब्याने पाणी ओतायच्या. आमच्या खेळातली पात्रे महानागाशी लढायला निघण्याआधी अशीच घरोघर फिरली. तो प्रसंग माझ्या टिपणात नव्हता. खेळाडूंनी तो स्वतः आणला आणि त्या जगाने तो बिनतक्रार सामावून घेतला, कारण तिथे विधी हेच काम आहे.

या जगाची आणखी एक गोष्ट मला फार मोठी वाटते. ओर्लान्थने आधी सूर्यदेव येल्मला मारले होते. त्यामुळे जगावर अंधार आला आणि मग तो स्वतः पाताळात जाऊन सूर्याला परत घेऊन आला. डोंगरी टोळ्यांच्या लेखी ही चूक सुधारणाऱ्या वीराची कथा आहे. येल्मला भजणाऱ्यांच्या लेखी ती राजद्रोही खुन्याची कथा आहे. दोघांकडे आपापल्या कथेतून मिळालेली खरी शक्ती आहे, म्हणजे दोन्ही पुराणे एकाच वेळी खरी ठरतात. एकाच घटनेच्या दोन आठवणी शेजारी शेजारी नांदतात हे आम्ही सीमाभागात जन्मभर पाहिले आहे; ते खेळाच्या नियमांत बसवता येते हे मला ग्लोरांथाने दाखवले.

त्यानंतर झरा अथासला गेला. डार्क सन नावाने ओळखले जाणारे हे जग टिमोथी ब्राउन आणि ट्रॉय डेनिंग यांनी रचले आणि ब्रॉम या चित्रकाराने त्याला चेहरा दिला. ते 1991 साली आले. इथे देव नाहीत. धातू इतका दुर्मीळ आहे की शस्त्रे हाडाची आणि काचेसारख्या काळ्या दगडाची असतात आणि नाणी भाजलेल्या मातीची. शहरांवर जादूगार राजांची सत्ता आहे आणि सामान्य माणसाला लिहिणे-वाचणे मना आहे. पण या जगाचे मर्म त्याच्या जादूत आहे. मंत्र म्हणायचा तर त्याची शक्ती आजूबाजूच्या झाडापाल्यातून ओढून घ्यावी लागते. जो सांभाळून, थोडे थोडे घेतो तो रक्षक. जो घाईने सगळे ओढतो तो भक्षक, आणि त्याच्या पायाखालची माती राखेसारखी होऊन कित्येक वर्षे नापीक राहते. सगळे जग वाळवंट का झाले याचे उत्तर एवढेच आहे.

तिथे आमचा झरा आटला होता तो गावातल्याच एका मुलीमुळे. तिची आई आजारी होती आणि आईला वाचवण्यासाठी तिने झऱ्याच्या काठावरचे सगळे रान एका रात्रीत जाळून टाकणारा मंत्र वापरला होता. झाडे गेली आणि मागोमाग पाणीही गेले. पात्रांना हे तिसऱ्या रात्री कळले तेव्हा टेबलावर बराच वेळ कोणी बोलले नाही. इथे मारायला कोणी राक्षस नव्हता, आणि मुलीला शिक्षा करून पाणी परत येणार नव्हते. अखेर त्यांनी गाव उठवून दुसरीकडे नेले. त्या खेळात आमची दोन पात्रे वाटेत तहानेने मेली. या जगाचे कर्ते प्रत्येक खेळाडूला सुरुवातीलाच चार पात्रे करून ठेवायला सांगतात, ते का, हे तेव्हा पटले.

गेम्स वर्कशॉपच्या वॉरहॅमर फॅन्टसी रोलप्ले या 1986 सालच्या खेळाचे ‘ओल्ड वर्ल्ड’ नावाचे जग मी एकदाच चालवले. जर्मनीच्या जुन्या साम्राज्यासारखा दिसणारा प्रदेश, चिखल, रोगराई, आणि माणसाला आतून सडवणारी अनागोंदीची शक्ती असे ते जग आहे. पात्राचा पेशा फाशावर ठरतो. आमच्या एका खेळाडूला त्याच्या छोट्या पण चावऱ्या कुत्र्यासह उंदीर पकडण्याचे काम मिळाले आणि त्याने ते मनापासून निभावले. तिथल्या गावाने झऱ्याचा दोष एका म्हाताऱ्या विधवेवर ठेवला होता आणि चेटकिणींना शोधून जाळणारा अधिकारी वाटेवर होता. खरे कारण असे होते, की जमीनदाराने ओढा आपल्या चक्कीकडे वळवला होता. पात्रांना ते दुसऱ्याच दिवशी कळले, परंतु ते कोणाला सांगायचे हे शेवटपर्यंत कळले नाही. तो खेळ मी पुन्हा मांडलेला नाही. जग चांगले रचलेले आहे, पण चेटकीण ठरवून मारलेल्या बायकांच्या बातम्या वाचलेल्या माणसाला त्यातली रात्र लवकर संपत नाही.

एबेरॉनबद्दल अधिक लिहायला हवे. विझार्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशनाने 2002 साली नव्या जगासाठी खुली स्पर्धा घेतली, अकरा हजारांहून अधिक प्रवेशिका आल्या आणि त्यांतून कीथ बेकर यांची कल्पना निवडली गेली. पुस्तक 2004 साली निघाले. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांत जादू आहेच, तर ती कारखान्यांत, रेल्वेत आणि तारघरात का नसावी, हा त्यांचा प्रश्न. त्यामुळे इथे विजेवर धावणारी गाडी आहे, हवेतून जाणारी जहाजे आहेत, आणि एकेका घराण्याच्या अंगावर जन्मतः उमटणाऱ्या खुणेमुळे एकेका व्यवसायाची मक्तेदारी त्या घराण्याकडे आहे. लिरँडार घराण्याकडे वादळाची खूण आहे. हे लोक वारा वळवतात आणि पैसे घेऊन पाऊस पाडतात.

या जगात एक शतकभर चाललेले युद्ध नुकतेच संपले आहे. एकेकाळी एक असलेले राज्य फुटून पाच झाली, त्यांतले एक, सायर, एका दिवसात राखेचे मैदान झाले आणि त्याचे लोक शेजारच्या देशांत निर्वासित म्हणून राहिले. त्यांच्या कालगणनेनुसार 996 साली थ्रोनहोल्डला तह झाला आणि कोण देश मानले जाणार, कोण नाही, हे कागदावर ठरले. खेळ सुरू होतो तो त्यानंतर दोनच वर्षांनी. तहात मान्यता मिळालेल्या देशांमध्ये एल्डीन रीचेस नावाचा एक प्रदेश आहे. तो आधी ऑनडेअर या राज्याचा भाग होता. युद्धात राजधानीने तिथल्या शेतकऱ्यांना वाऱ्यावर सोडले, तेव्हा ते जंगलातल्या वृक्षपूजकांच्या बाजूला गेले आणि 958 साली वेगळे झाले.

मी झरा याच सीमेवर ठेवला. गाव इकडे, बाजार तिकडे, सोयरीक दोन्हीकडे. ऑनडेअरच्या जमीनदारांनी लिरँडार घराण्याशी करार करून ढग आपल्या शेतांवर थांबवले होते, म्हणून पलीकडच्या डोंगरावर पाऊस पडत नव्हता आणि झरा आटला होता. यात कोणी कायदा मोडलेला नव्हता. आमच्यापैकी खानापूरच्या बाजूची जी मैत्रीण खेळते तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मग अर्ज कोणाकडे करायचा?’’ या एका प्रश्नावर पुढची सहा सत्रे चालली. पात्रांनी जुने करार शोधले, ज्यांच्यामुळे या घराण्यांना जमीन बाळगायला आणि सैन्य ठेवायला बंदी आहे ते कोर्थचे फर्मान वाचले, निर्वासितांच्या वस्तीत साक्षीदार शोधले. तलवार फक्त एकदा उपसली गेली.

ज्या तालुक्यात मलप्रभा उगम पावून पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि म्हादई उगम पावून पश्चिमेला गोव्याकडे जाते, तिथल्या माणसांना पाण्याच्या कागदांची सवय आहे. म्हादईच्या वाटपासाठी 2010 साली लवाद नेमला गेला आणि 2018 साली त्याने निवाडा दिला. त्या आठ वर्षांत आमच्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्यावर बोलला असेल. एबेरॉनच्या त्या गावात आम्हाला नवे काही शिकावे लागले नाही. आणखी एक गोष्ट इथे नोंदवण्यासारखी आहे. या जगात देवांना कोणी भेटलेले नाही. पुजाऱ्याच्या मंत्राला बळ येते ते त्याच्या श्रद्धेतून, आणि पुजारी दुष्ट असला तरी ते बळ जात नाही. रेल्म्समध्ये देवीला जाऊन विचारता आले होते. इथे ते दार बंद आहे, म्हणून माणसांना माणसांशीच बोलावे लागते.

सातवे जग बारसेव्ह. एफएएसए या कंपनीने 1993 साली काढलेल्या अर्थडॉन या खेळाचा हा प्रदेश. याच्याविषयी मी थोडा पक्षपाताने लिहितो आहे हे मला माहीत आहे.

बाकीच्या बहुतेक जगांत एक प्रश्न कोणी विचारत नाही: जमिनीखाली एवढी तळघरे, सापळे आणि खजिने बांधले कोणी आणि कशासाठी? बारसेव्हकडे त्याचे उत्तर आहे. या जगात जादूची पातळी भरती-ओहोटीसारखी वर-खाली होते. ती फार चढली की दुसऱ्या लोकातून भीषण जीव येतात, जे माणसाचे दुःख खाऊन जगतात. ही आपत्ती येणार हे आधी कळले, म्हणून गावेच्या गावे जमिनीखाली केअर नावाचे आश्रय खणून आत गेली, दारे लावून घेतली आणि सुमारे चारशे वर्षे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जगली. आता दारे उघडली आहेत. काही आश्रय सुखरूप राहिले, काहींत ते जीव शिरले. ज्यांत शिरले तीच आजची भयाण तळघरे. म्हणजे प्रत्येक तळघर हे कोणाचे तरी आजोळ आहे.

जादूच्या वस्तूंचेही तसेच. ग्रेहॉकमध्ये तलवार सापडली की ती वापरता येते. बारसेव्हमध्ये तिला नाव देणारा कोण होता, ती कोणत्या लढाईत कोणाच्या हातून पडली, हे शोधल्याशिवाय तिचे सामर्थ्य जागे होत नाही. आमच्या झऱ्याच्या तळाशी एक तांब्याचा हंडा होता आणि तो कोणत्या लग्नात कोणत्या बाईने आणला होता, हे कळेपर्यंत पाणी आले नाही. त्यासाठी पात्रांना तीन गावांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसावे लागले.

आणि तिथली एक रीत अशी आहे. ज्याला त्या जीवांची बाधा झाली आहे त्याच्या हातून सुंदर वस्तू घडत नाही, असे लोक मानतात. म्हणून परगावच्या माणसाने वेशीवर आल्यावर आपली कला दाखवायची. कोरीव काम, गाणे, चित्र, काहीही चालते. ते पाहून गाव त्याला आत घेते. आमच्यातला एक मित्र बेळगावातल्या वडगावच्या विणकर घरातला आहे. त्याच्या आजोबांचा हातमाग होता, वडिलांनी यंत्रमाग घातले, तो स्वतः एका कार्यालयात हिशेब पाहतो. त्याने आपले पात्र विणकर केले. प्रत्येक वेशीवर तो थांबायचा आणि काय विणून दाखवतो ते सांगायचा: काठाला कोणता रंग, धोटा कोणत्या बाजूने टाकला, पदराची वीण कुठे बदलली. पहिल्या वेळी त्याने चार वाक्ये सांगितली. पाचव्या गावापर्यंत तो दहा मिनिटे बोलत होता आणि आम्ही फासे हातात धरून ऐकत होतो. घरी आजोबांना विचारून तो पुढच्या सत्राला नवे शब्द घेऊन यायचा. नियमांच्या पुस्तकात या रीतीला थोडीशीच जागा आहे, पण दुसऱ्या कोणत्याही जगात त्याला हे करता आले नसते, कारण तिथे वेशीवर असे काही विचारतच नाहीत.

यांतल्या बहुतेक जगांत एक उणीव मला सारखी बोचते आणि ती आमच्या प्रदेशामुळेच बोचत असावी. ‘कॉमन’ नावाची किंवा तशीच एखादी भाषा तिथे असते, जी जवळजवळ सगळ्यांना येते. बारसेव्हमध्ये निदान ती बुटक्यांच्या राज्याची भाषा होती आणि तिथून पसरली असे कारण दिले आहे. एबेरॉनमध्ये ती फुटलेल्या जुन्या राज्याची देणगी आहे. पण कारण असले तरी परिणाम तोच होतो. बेळगावच्या खडेबाजारात दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून मराठी, कानडी, उर्दू किंवा कोकणी यांतली एक भाषा निवडतो, आणि त्याने कोणती निवडली यावरून गिऱ्हाइकाला त्याच्या मनातले अर्धे कळते. एवढी मोठी गोष्ट खेळातून वगळली की माणसामाणसांतले अंतर फक्त तलवारीने मोजावे लागते.

भाषेकडे खरे लक्ष दिलेले जग एक आहे, टेकुमेल. एम. ए. आर. बार्कर मिनेसोटा विद्यापीठात उर्दू आणि दक्षिण आशियाई अभ्यासाचे प्राध्यापक होते. त्यांचा खेळ 1975 साली, म्हणजे या छंदाच्या अगदी आरंभी प्रसिद्ध झाला. त्यांनी रचलेल्या त्सोल्यानी भाषेत समोरच्याच्या दर्जानुसार ‘तू’ची अनेक रूपे आहेत, आणि चुकीचे रूप वापरणे हा अपमान ठरतो. तू, तुम्ही आणि आपण यांत वाढलेल्या मराठी खेळाडूला यातली गंमत आणि धोका दोन्ही पटकन कळतात. तरीही मी टेकुमेल टेबलावर आणलेले नाही. बार्कर यांनी टोपणनावाने नाझी विचारांचा पुरस्कार करणारी एक कादंबरी लिहिली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर 2022 साली टेकुमेल फाउंडेशनने जाहीरपणे मान्य केले. ते वाचल्यावर माझे मन त्या जगातून उठले. त्यातली भाषेची कल्पना मात्र मी घेतली आहे आणि ती कोणाची आहे हे इथे सांगणे मला आवश्यक वाटते.

ती घेतली आहे आमच्या स्वतःच्या जगासाठी. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही पाच जण ते रचतो आहोत. पश्चिमेला चार महिने न थांबणारा पाऊस आणि पूर्वेला दोन दिवसांच्या वाटेवर काळी कोरडी जमीन, इतके ठरले आहे. डोंगरावर एक देवी आहे, तिला दोन बाजूंचे लोक दोन नावांनी हाक मारतात, आणि प्रत्येकाला आपले नाव मूळचे वाटते. सर्वांना येणारी भाषा नाही; पात्राला कोणत्या दोन भाषा येतात हे खेळाडूने आधी लिहायचे आणि टेबलावरही शक्य तिथे त्याच भाषेत बोलायचे. आमच्यातल्या दोघांना कानडी उत्तम येते, एकाला अजिबात येत नाही, आणि तो ज्या सत्रात पूर्वेकडच्या गावात एकटा अडकला त्या रात्री त्याला खरोखर दुभाष्या शोधावा लागला. जादू कशातून येते आणि तिची किंमत कोण भरतो यावर अजून एकमत नाही. विणकर मित्राचे म्हणणे आहे की ती कारागिराच्या हातातून यावी. खानापूरच्या मैत्रिणीला ती जंगलातून यायला हवी आहे आणि घेतलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद गावाच्या वहीत व्हायला हवी आहे. नकाशा मी मुद्दाम काढलेला नाही. झरा मात्र पहिल्या दिवसापासून आहे. पश्चिमेचे लोक त्याला झरा म्हणतात, पूर्वेचे ओरते म्हणतात, आणि तो आटणार की नाही हे पुढच्या रविवारी ठरेल.